बारा आठवड्यांची सही

वकील म्हणून माझ्या आयुष्यातला पहिला दावा फायलिंगच्या टेबलावरूनच परत आला. बोळातल्या वहिवाटीच्या रस्त्याचा, मनाई हुकुमाचा साधा दावा होता. मूल्यांकनाचा परिच्छेद चुकल्यामुळे कोर्ट फी स्टँप कमी पडला होता. सत्यापनाच्या जोडीला प्रतिज्ञापत्र नव्हतं. कागदयादीत जागेच्या कच्च्या नकाशाचा उल्लेख होता, पण नकाशा जोडलाच नव्हता. टेबलापलीकडच्या कारकुनांनी तिन्ही हरकती पेन्सिलीनं लिहून दिल्या आणि विचारलं, "मॅडम, मनाई मागताय, मग निशाणी पाच कुठंय?" महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला पाचवा निशाणी क्रमांक देण्याची रीत आहे आणि अख्खं कोर्ट त्या अर्जाला त्या आकड्यानंच ओळखतं. मला ते ठाऊक नव्हतं. कायद्याच्या पदवीला मसुदालेखनाच्या पेपरात मात्र मला शंभरपैकी बहात्तर गुण होते.

ते गुण खोटे नव्हते. गाईडमधला दाव्याचा नमुना मी पाठ केला होता आणि उत्तरपत्रिकेत बिनचूक उतरवला होता. पण त्या नमुन्यातल्या वादीचा रस्ता कुणी खरोखर अडवला नव्हता, त्याच्या कागदांवर कुणी हरकत काढणार नव्हतं आणि चूक झाली तर त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. माझ्या पक्षकाराचं बिघडत होतं. हरकती दूर करून दावा पुन्हा दाखल होईपर्यंत समोरच्यानं त्या बोळात विटा आणून टाकल्या होत्या.

वीस वर्षं होऊन गेली त्याला. आजही सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात नवा कोट घालून आलेली मुलं-मुली फायलिंगच्या टेबलापाशी तशीच गोंधळून उभी असलेली दिसतात, तेव्हा मला वाईट वाटतं आणि रागही येतो. कारण या काळात नियमांची कमतरता कधीच नव्हती.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे विधी शिक्षण नियम उघडून बघा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही, आणि पूर्ण शिक्षणात निदान एकदा तरी खालच्या आणि अपिलाच्या न्यायालयातल्या वकिलांकडे काम केलेलं असावं लागतं. शिवाय चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत: मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वाद निवारण, आणि मूट कोर्टसह (म्हणजे सरावासाठी चालवलेल्या काल्पनिक खटल्यांसह) इंटर्नशिप. या शेवटच्या विषयाचे शंभर गुण कसे वाटले आहेत ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तीन मूट कोर्टांना तीस. एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांच्या निरीक्षणाला तीस. वकिलाच्या कार्यालयात पक्षकाराशी झालेल्या दोन मुलाखती ऐकून त्यांची नोंद ठेवणं आणि दावा तयार होऊन दाखल होईपर्यंतची प्रक्रिया पाहून लिहून काढणं, यांना मिळून तीस. तोंडी परीक्षेला दहा.

ज्यानं हे लिहिलं त्याला वकिली कळत होती. यातलं प्रत्येक काम माझ्या वेळीही खरोखर करून घेतलं गेलं असतं, तर मला निशाणी पाच कारकुनांकडून शिकावी लागली नसती.

प्रत्यक्षात काय होतं? एप्रिल-मे महिन्यात बाररूममध्ये विद्यार्थी येतात. हातात टाईप केलेलं प्रमाणपत्र तयार असतं, तारखा भरलेल्या असतात. "मॅडम, फक्त सही आणि शिक्का." जर्नल मागितलं तर तेही दाखवतात. दोन खटल्यांचं निरीक्षण मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीतून उतरवलेलं असतं. एकदा माझ्यापुढे आलेल्या वहीत चोरीच्या खटल्याची सुनावणी रविवारी झाल्याची नोंद होती. दुसऱ्या वहीत सरतपासाच्या, म्हणजे साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलानं आधी विचारायच्या प्रश्नांच्या, आधीच उलटतपास संपला होता. या वह्यांना गुण मिळाले असणार, कारण त्या कुणी वाचल्याच नसणार.

मीही अशा सह्या केल्या आहेत. मुलगा ओळखीचा असतो, त्याच्या वडिलांचं एखादं प्रकरण आपल्याकडे असतं, वर्ष वाया जाईल म्हणून तो रडकुंडीला आलेला असतो. एका सहीनं आपलं काय जातं, असं वाटतं. जातं ते पुढे त्याच्या पक्षकाराचं. हे कळत असूनही मी सही केली, याची मला खंत आहे.

पण सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून मोकळं होणं अन्यायाचं आहे. सोलापुरात तीन वर्षांचा एलएल.बी. कोण करतं ते बघा. पतसंस्थेत नोकरी करणारे, शाळेत शिकवणारे, मुलं शाळेत गेल्यावर पुन्हा शिकायला लागलेल्या बाया, अक्कलकोट-मोहोळहून एस.टी.नं येणारी शेतकऱ्याची पोरं. कोर्ट अकरा ते साडेपाच चालतं, नोकरीही त्याच वेळेत असते. बारा आठवडे बिनपगारी कोर्टात बसणं म्हणजे तीन महिन्यांचं उत्पन्न सोडणं. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एमबीबीएस झालेली मुलं वर्षभर सक्तीची इंटर्नशिप करतात, पण त्यांना विद्यावेतन मिळतं, वॉर्ड ठरवून मिळतो आणि चूक झाली तर ओरडणारा वरिष्ठ शेजारी उभा असतो. सीए होणाऱ्याची दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, त्यांच्या संस्थेकडे नोंदवलेली असते. कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र एक कोरा कागद देऊन सांगितलं जातं, "कुणाकडून तरी सही घेऊन ये."

या प्रश्नाचा इतिहासही असाच कोऱ्या कागदाभोवती फिरलेला आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात वकिलीची सनद घेण्यापूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. १९९५ मध्ये बार कौन्सिलनं नियम करून एक वर्षाचं प्रशिक्षण परत आणलं, तर १९९९ मध्ये व्ही. सुदीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण तसे नियम करण्याचा अधिकारच कौन्सिलला कायद्यानं उरला नव्हता. मग २०१० मध्ये अखिल भारतीय बार परीक्षा आली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती वैध ठरवली आणि सुदीर प्रकरणातली अधिकारांबद्दलची भूमिका बरोबर नव्हती असंही सांगितलं. म्हणजे प्रशिक्षणाचा रस्ता कायद्यानं पुन्हा मोकळा झाला आहे. त्यावरून चालायला अजून कुणी निघालेलं नाही. सध्या आहे ती शंभर बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा, कायद्याची मूळ पुस्तकं जवळ ठेवून द्यायची. चार पर्यायांतून एक निवडणाऱ्याला साक्षीदाराला कुठे थांबवायचं हे येतं की नाही, ते या परीक्षेतून कळू शकत नाही.

२० मे २०२५ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. बाररूममध्ये या निकालाचं जोरात स्वागत झालं. मला त्यामागचा हेतू पटतो. कोर्ट आतून न पाहिलेल्या व्यक्तीनं एकदम न्यायासनावर बसू नये, हे रोज कोर्टात उभं राहणाऱ्या कुणालाही पटेल. पण ही तीन वर्षं सिद्ध कशी करायची? त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि त्यावर त्या अधिकाऱ्याचं पृष्ठांकन. पुन्हा प्रमाणपत्रच! बारा आठवड्यांची सही ज्यांनी न बघता केली, तेच आम्ही तीन वर्षांची सहीही करणार आहोत. ज्युनिअर तीन वर्षं फक्त वकीलपत्रावर नाव घालून, तारखा घेऊन, "सिनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत" एवढंच सांगत उभा राहिला, तरी तो पात्र ठरेल. शिकण्याचा पाया कॉलेजातच पडला नाही तर वर लावलेल्या अटी नुसता वेळ खातात.

म्हणून बारा आठवड्यांचे चोवीस करा, परीक्षा अवघड करा, या मागण्यांशी मी सहमत नाही. आहेत ते बारा आठवडे खरे करा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पहिली गोष्ट वहीची. आज प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखांना काय झालं, कोणत्या कारणासाठी प्रकरण ठेवलं होतं, सगळं मोबाईलवर दिसतं. विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये प्रत्येक नोंदीपुढे हा क्रमांक सक्तीचा करा. त्या दिवशी ते प्रकरण बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, होतं का, साक्षीदार तपासला गेला का, की नुसतीच परशिस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन) दाखल होऊन तारीख पडली, हे प्राध्यापकांना खुर्चीत बसून दोन मिनिटांत कळेल. रविवारची सुनावणी मग कुणी लिहिणार नाही. शिवाय सही करणाऱ्या वकिलाचं ते प्रकरण आहे का, हेही तिथंच दिसेल, आणि ते आमच्यासाठीही बरं होईल.

दुसरी गोष्ट, महिनाभर एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात भटकण्यापेक्षा एकच प्रकरण धरून बसावं. धनादेश न वटल्याचा खटला घ्या, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज घ्या, वाटपाचा दावा घ्या. पक्षकार पहिल्यांदा आला तेव्हा काय म्हणाला, त्यातलं कायद्याच्या कामाचं किती निघालं, नोटीस कशी लिहिली, समन्स बजावून बेलिफ कोणता शेरा घेऊन परत आला, कैफियतीत, म्हणजे आपल्या लेखी उत्तरात, समोरच्यानं काय नाकारलं, हे सगळं टिपावं. शिरस्तेदार, नाझर, बेलिफ या कोर्टाच्या कर्मचाऱ्यांची कामं पाठ्यपुस्तकात शोधूनही नीट सापडत नाहीत, आणि त्यांच्यावाचून कोणताही हुकूम कागदावरून जमिनीवर उतरत नाही. सुशीलकुमार शिंदे यांच्या नोकरीची सुरुवात याच सोलापूरच्या न्यायालयात झाली होती, हे जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात. कोर्टाच्या कर्मचाऱ्यांकडून शिकण्यात कमीपणा वाटू नये, ही गोष्टही याच वयात रुजली पाहिजे.

प्रकरण एका वर्षात संपणार नाही, हे मला माहीत आहे. न संपू दे. चार आठवड्यांची सलग मर्यादा आहे ती इथे उपयोगाचीच आहे. पहिल्या वर्षी नोटीस आणि दाखल करणं, दुसऱ्या वर्षी कोर्टानं वादाचे मुद्दे काढणं, तिसऱ्या वर्षी पुरावा, असं तेच प्रकरण तीन उन्हाळे धरून ठेवता येतं. आणि नोकरी करणाऱ्याला सोलापूरलाच या असं कशाला म्हणायचं? बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, माळशिरस इथेही न्यायालयं आहेत. जमिनीचे, वहिवाटीचे दावे तर तिथेच जास्त शिकायला मिळतात.

आता भाषेबद्दल. हा विषय माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. कॉलेजात मूट कोर्ट होतं ते बहुतेक इंग्रजीत, कुठल्या तरी काल्पनिक देशातल्या घटनात्मक प्रश्नावर. ते शिकावं, मी नाही म्हणत नाही. पण १९९८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली आहे. मराठीत नेमकं लिहिलेली कैफियत, मराठीत घेतलेला उलटतपास, 'खरे नाही' आणि 'माहीत नाही' यांतला फरक पकडणं, याचा सराव कुठेच होत नाही. आणि सोलापुरात पक्षकार मराठीत बोलेलच असं नाही. शहराच्या पूर्वभागातली पद्मशाली आजी तेलुगूत सांगते, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये. वकील मराठीत लिहितो, निकालांचे दाखले इंग्रजीत देतो. या वाटेत पक्षकाराचं म्हणणं कितीदा हरवतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. "नवऱ्यानं घरातून काढलं" आणि "मी घरातून निघाले" यांतलं अंतर भाषांतरात पुसलं गेलं आणि एका बाईच्या खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, अर्जात तिच्याविरुद्धच वापरलं गेलं.

आपल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड बोलणारी कितीतरी मुलं बसलेली असतात. इंग्रजी कच्चं म्हणून ती मागच्या बाकावर गप्प राहतात. पक्षकाराच्या मुलाखतीला गुण आहेत ना? मग त्यांना त्या मुलाखतीला बसवा, पक्षकाराचं म्हणणं त्याच्या भाषेत उतरवून घ्यायला आणि मग मराठीत आणायला लावा. पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट बाहेर जाऊ नये, हे बंधन कायद्यानं दुभाष्यालाही घातलं आहे आणि वकिलाच्या कारकुनालाही. नीतिमत्तेच्या पेपरात हे कलम पाठ करणं वेगळं. समोर बसलेल्या बाईची गोष्ट घरी गेल्यावर आईलाही सांगायची नाही, हे पाळल्यावर ते अंगात भिनतं.

याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे कॉलेजचं विधी साहाय्य केंद्र. असं केंद्र प्रत्येक विधी महाविद्यालयात असलंच पाहिजे, हेही २००८ च्या नियमांत आहे. विद्यार्थ्यांनी एखादं गाव दत्तक घेऊन तिथं शिबिरं घ्यावीत, ही तरतूद राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांत आहे. पण केंद्र म्हणजे कॉलेजच्या जिन्याखाली लावलेली पाटी नव्हे. ते कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात न्या, रे नगरच्या कामगार वसाहतीत न्या, आठवड्यातून एक ठरलेला दिवस. तिथल्या बायांचे प्रश्न काही मोठ्या घटनापीठाचे नाहीत. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं. छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी. मयत सासऱ्याच्या नावावरचं घर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि विडी कामगारांचा १९६६ चा स्वतंत्र कायदा नव्या संहितेत सामावला गेला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या दृष्टीनं यात काय बदललं, हे तिला कोण सांगणार? कायद्याच्या मुलांनी आधी ते स्वतः समजून घ्यावं आणि मग तिला तेलुगूत समजावून सांगावं. इतका चांगला अभ्यास दुसऱ्या कोणत्याही पेपरात होणार नाही. स्त्री म्हणून तिला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो, ही एक ओळही अजून कित्येकींपर्यंत पोचलेली नाही.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. म्हणजे केंद्रात आलेलं प्रकरण शिकवणाऱ्याला स्वतः कोर्टात नेता येत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक विद्यार्थ्यासमोर रुग्ण तपासतो. आमचा प्राध्यापक विद्यार्थ्यासमोर साक्षीदार तपासू शकत नाही. पण वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे. ती वापरून कॉलेजांनी कोर्टात रोज उभे राहणारे दोन-तीन वकील फक्त प्रात्यक्षिक विषयांसाठी घ्यावेत. त्यांना मान द्यावा, मानधन द्यावं, आणि त्यांच्यावर वह्या वाचण्याची जबाबदारी टाकावी. तासिका तत्त्वावर येऊन मसुद्याचे नमुने फळ्यावर लिहून देणारे वकील आज आहेतच; त्यांच्याकडून दुसरं काही मागितलंच जात नाही.

पैशांचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलनं ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि ती सनद मिळालेल्यांसाठी आहे. सोलापुरातल्या बहुसंख्य वकिलांना तेवढी रक्कम देणं झेपणार नाही. मलाही दोघांना देता येणार नाही. पण विद्यार्थ्याचं एस.टी.चं भाडं आणि दुपारचं जेवण कोणत्याही चालत्या कार्यालयाला देता येतं, आणि ते न देणं मला लाजिरवाणं वाटतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवकांना कामाच्या दिवसांचं मानधन देतं, आणि कायद्याचे विद्यार्थी त्या योजनेत बसतात. नोकरी सोडू न शकणाऱ्या विद्यार्थ्याचे काही आठवडे तिथे मोजले, तर त्याच्या खिशातून काही जाणार नाही आणि प्राधिकरणालाही शिकलेली माणसं मिळतील.

अपिलाच्या न्यायालयाची अट आजवर आमच्या मुलांसाठी जवळजवळ अशक्य होती. मुंबईत महिनाभर राहायचं कुठं आणि खायचं काय? १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि सोलापूर त्याच्या अधिकारक्षेत्रात आलं. कोल्हापूर काही शेजारच्या गल्लीत नाही, पण तिथे ओळखीचं घर मिळतं, खोलीचं भाडं परवडतं. आपल्या जिल्हा न्यायालयात वर्षभर पाहिलेल्या प्रकरणाचं अपील तिथे कसं मांडलं जातं, खालच्या कोर्टातल्या पुराव्यातलं एक वाक्य वर गेल्यावर किती जड होतं, हे आता आपल्या मुलांना पाहता येईल. विद्यापीठानं आणि इथल्या कॉलेजांनी कोल्हापूरच्या वकिलांशी बोलून दरवर्षी ठरावीक विद्यार्थ्यांची सोय करावी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं आहे, त्यामुळे हे ठरवायला फार मोठी यंत्रणा हलवावी लागणार नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. येत्या उन्हाळ्यात माझ्याकडे दोनच विद्यार्थी येतील. भाडं आणि जेवण माझ्याकडे. पहिल्या दिवशी त्यांना फायलिंगच्या टेबलापाशी उभं करणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि कोणाचा दावा कोणत्या हरकतीनं परत जातो ते लिहून काढायला लावणार. वहीत सीएनआर क्रमांक नसेल तर सही नाही. ओळखीचा असला तरी नाही.